मिनी पीसी वर्गातल्या जुन्या प्रोजेक्टरला जोडला की 'नो सिग्नल' येतं, काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका मराठी शाळेत शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गासाठी माजी विद्यार्थ्यांनी मिनी पीसी भेट दिला. प्रोजेक्टर छताला टांगलेला, जुना, आणि भिंतीतून व्हीजीएची केबल टेबलापर्यंत आलेली. पीसीला मात्र एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट ही नव्या पद्धतीची भोकं तेवढी. कन्व्हर्टर आणून जोडला तर कधी 'नो सिग्नल', कधी चित्र येतं पण अक्षरं पुसट, आणि आवाज तर नाहीच. पीसी खराब निघाला की प्रोजेक्टरच बदलावा, असं त्यांनी विचारलंय.

बाई, पीसी खराब असण्याची शक्यता सगळ्यात कमी. मी पुण्यातल्या शाळांमध्ये आणि क्लासेसमध्ये प्रोजेक्टर बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. अशा तक्रारीत दोष बहुतेक वेळा मधल्या कन्व्हर्टरमध्ये नाहीतर भिंतीतल्या केबलमध्ये निघतो. त्यामुळे विंडोज नव्याने टाकायला वगैरे पीसी इतक्यात कुणाच्या हवाली करू नका.

आधी कन्व्हर्टर बघू. व्हीजीए ही चित्र पाठवायची जुनी पद्धत, आयबीएमने १९८७ साली आणलेली. त्यातून लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळ्या तारांमधून कमीजास्त व्होल्टेजच्या रूपात जातात. एचडीएमआयमधून तेच चित्र डिजिटल होऊन जातं. म्हणजे इकडच्या पिना तिकडे जोडून भागत नाही, मध्ये रूपांतर करणारी चिप लागते. आणि ही चिप एकाच दिशेने काम करते. दुकानात नुसतं 'एचडीएमआय-व्हीजीएचा कन्व्हर्टर द्या' म्हटलं की कधीकधी उलटा तुकडा हातात पडतो. दिसायला दोन्ही सारखेच काळे. तुम्हाला हवा तो असा: पीसीच्या बाजूला एचडीएमआय मेल (म्हणजे भोकात घुसणारं टोक), भिंतीतल्या केबलच्या बाजूला व्हीजीए फीमेल (म्हणजे भोक). एका टोकाला व्हीजीए मेल आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआयचं भोक असेल तर तो जुन्या कॉम्प्युटरला नवा टीव्ही जोडायचा, आपल्या कामाचा नाही.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत हा काही शे रुपयांत मिळतो. जाताना पीसी पिशवीत टाकूनच न्या, आहेच केवढा तो! दुकानातल्या व्हीजीए मॉनिटरवर लावून बघा आणि मगच पैसे द्या. घेताना दोन गोष्टी मागा. एक, आवाजासाठी बाजूला ३.५ मिमीचं भोक असलेला. दोन, यूएसबीवरून जादा पॉवर घेता येईल असा. कन्व्हर्टर आपली वीज एचडीएमआयच्या १८ नंबरच्या पिनेवरून घेतो, ५ व्होल्टची. ती बेताचीच असते. लांब केबलवर चित्र येतं-जातं, येतं-जातं असं होत असेल तर यूएसबीची वायर जोडून बघा.

कन्व्हर्टर दुकानात चालला आणि वर्गात आल्यावर परत 'नो सिग्नल' आलं, तर रोख भिंतीकडे वळवा.

व्हीजीएच्या कनेक्टरमध्ये तीन ओळींत पंधरा पिनांची जागा असते. मेल टोक उजेडात धरून बघा. ९ नंबरची पिन बऱ्याच केबलींना मुळातच नसते, ती तुटली समजून केबल बाद करू नका. बघायच्या त्या वाकलेल्या पिना. पहिल्या तीन पिना म्हणजे अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा. पडद्यावरचा पांढरा कागद पिवळा दिसत असेल तर निळा पोचत नाही. गुलाबी-जांभळा दिसत असेल तर हिरवा गेला, आणि निळसर हिरवट दिसत असेल तर लाल. हे एकदा कळलं की मेकॅनिकला 'रंग बिघडलाय' असं मोघम सांगावं लागत नाही. वाकलेली पिन बॉलपेनच्या रिकाम्या नळीने हलक्या हाताने सरळ होते. दोन्ही बाजूंचे स्क्रूही आवळा. निम्मी 'कधी येतं, कधी जातं' प्रकरणं सैल स्क्रूंची असतात.

यापेक्षा छुपं दुखणं १२ आणि १५ नंबरच्या पिनांचं. प्रोजेक्टर आपण कोण आहोत आणि किती रिझोल्यूशन (म्हणजे चित्रात आडवे-उभे किती ठिपके) दाखवू शकतो ही माहिती या दोन तारांवरून पीसीला देतो. तिला ईडीआयडी म्हणतात. काही स्वस्त लांब केबलींमध्ये या तारा घातलेल्याच नसतात. जुना कॉम्प्युटर तरीही आंधळेपणाने चित्र पाठवायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आता मात्र पीसी किंवा कन्व्हर्टर समोरून माहिती आली नाही की पलीकडे कुणी नाहीच असं धरतो, नाहीतर भलतंच रिझोल्यूशन पाठवतो. पूर्वी चालत होतं आणि आता चालत नाही, याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

तपासायचं कसं? पीसी छोटा असल्याचा इथे खरा उपयोग. कॉम्प्युटर लॅबमधल्या एखाद्या जुन्या मॉनिटरची दीड मीटरची व्हीजीए केबल काढून आणा. शिपाईमामांना शिडी धरायला सांगा, पीसी कन्व्हर्टरसकट वर नेऊन थेट प्रोजेक्टरला त्या आखूड केबलने जोडा. चित्र स्वच्छ आलं तर भिंतीतली केबल दोषी, विषय संपला. नाही आलं तर प्रोजेक्टरच्या रिमोटवर 'सोर्स' दाबून बघा. काही प्रोजेक्टरना मागे दोन व्हीजीए पोर्ट असतात आणि त्यातलं एक बरेचदा मॉनिटर आउट असतं, म्हणजे त्यातून सिग्नल बाहेर पडतो, आत जात नाही. छताच्या बाजूने चाचपडत केबल लावताना ती नेमकी तिथे लागते. वर चढलातच आहात तर एचडीएमआयचं भोक आहे का तेही बघून घ्या. ज्यांना 'आमचा प्रोजेक्टर जुना, व्हीजीएवालाच' असं ठाम वाटत असतं, त्यांच्याकडेही कधीकधी ते निघतं, बसवणाऱ्याने वापरलेलं नसतं इतकंच.

ते असेल तर नवी एचडीएमआय केबल टाका आणि कन्व्हर्टरची भानगडच मिटवा. साधी तांब्याची केबल दहा मीटरच्या आत घ्या, तीही जाड. पंधरा-वीस मीटरला फायबरची एचडीएमआय केबल येते. ती एकाच दिशेने चालते, टोकांवर कुठलं पीसीचं आणि कुठलं डिस्प्लेचं ते लिहिलेलं असतं, तेवढं बघून ओढा. उलटी ओढली तर सगळं पुन्हा काढावं लागतं आणि केसिंग पट्टीचेही तुकडे होतात.

पीसी कायमचाच वर, प्रोजेक्टरशेजारी बसवा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. मिनी पीसीबरोबर तशी पट्टी येतेही, शिवाय आखूड केबलमध्ये भागतं. पण माझं मत विरोधात आहे. प्रोजेक्टरची गरम हवा त्याच्यावर येते, खडूची धूळ बसते, आणि मुख्य म्हणजे शिक्षकांचं निम्मं काम पेन ड्राइव्हवर चालतं. रोज शिडी कोण लावणार?

आता अक्षरं. जुने वर्गातले प्रोजेक्टर बहुधा १०२४ बाय ७६८ चे किंवा १२८० बाय ८०० चे असतात. पीसी १९२० बाय १०८० पाठवत राहिला तर प्रोजेक्टर ते चेपून बसवतो आणि मराठीतल्या वेलांट्या, रफार एकमेकांत मिसळतात. इंग्रजी वाचता येतं आणि मराठी येत नाही ही तक्रार इथूनच निघते. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जा आणि प्रोजेक्टरचं मूळ रिझोल्यूशन निवडा. ते मॉडेल नंबरावरून नेटवर मिळेल. यादीत ते दिसतच नसेल तर परत त्या १२ आणि १५ नंबरच्या तारा आठवा. कडा कापल्या जात असतील तर रिमोटवरचं 'ऑटो' बटण दाबा, व्हीजीएवर चित्र सरकलेलं असलं तर ते त्याने जागेवर येतं.

टेबलावर मॉनिटरही ठेवणार असाल तर विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबून 'डुप्लिकेट' निवडा. 'एक्स्टेंड' वर्गात नको. माउस दुसऱ्या पडद्यावर निघून जातो आणि तास त्याला शोधण्यात जातो. डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडदे सारख्या रिझोल्यूशनवर चालतात, त्यामुळे मॉनिटर जरा ढोबळ दिसेल, ते चालवून घ्या. मुलांना दिसणं महत्त्वाचं.

आवाजाचं सोपं आहे. व्हीजीएमधून आवाज जातच नाही. कन्व्हर्टरच्या भोकात किंवा पीसीच्या हेडफोनच्या भोकात स्पीकर लावा आणि खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट त्याप्रमाणे बदला. एचडीएमआय जोडलं की विंडोज आवाज बरेचदा आपणहून तिकडे वळवतं, म्हणून हेडफोनच्या भोकातला स्पीकर मुका होतो. कन्व्हर्टरवरून काही ओटीटी ॲपचे चित्रपट दिसणार नाहीत, ते कॉपीची परवानगी तपासतात. ई-बालभारतीच्या पीडीएफ आणि यूट्यूबला अडचण नाही.

स्पीकरमध्ये घुंईऽऽ असा आवाज किंवा पडद्यावर खालून वर सरकणारे पट्टे आले, तर पीसी आणि प्रोजेक्टर दोन वेगळ्या बोर्डांवर आहेत का बघा. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं पडलं की असं होतं, सगळं एकाच बोर्डावर घ्या. पीसीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मात्र वायरमनला बोलवा आणि तोवर वापरू नका. लाइट जाते म्हणून छोटा यूपीएस घेणार असाल तर त्यावर फक्त पीसी ठेवा, प्रोजेक्टरचा भार त्याला झेपणार नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण गणपतीत शाळेचा प्रोजेक्टर मंडळाला दिला जातो, म्हणून सांगून ठेवतो. तो परत आला की चित्र उलटं किंवा आरशातल्यासारखं दिसतं. मोडलेलं काही नसतं. मेनूमध्ये 'प्रोजेक्शन' या नावाने एक पर्याय असतो, तिथे 'फ्रंट सीलिंग' करा.

प्रोजेक्टर बदलायचा का, तर लगेच नको. मेनूतच दिव्याचे तास दिसतात. उत्पादकाने दिलेल्या आयुष्याच्या जवळ आले असतील आणि पडदे ओढूनही फिकटच दिसत असेल, तर नव्या दिव्याची आणि नव्या प्रोजेक्टरची किंमत शेजारी शेजारी मांडा. बदलायचा ठरला तर तो उन्हाळ्याच्या सुट्टीत, वर्गाच्या रंगकामाआधी. त्या वेळी केबलसाठी जरा मोठा पाइप टाकून घ्या आणि आत एक जादा तार मोकळी सोडायला सांगा, म्हणजे पुढची केबल भिंत न फोडता ओढता येईल.