‘हजेरीचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या कॉलेजात लेकीला घालू नका

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र, थोडक्यात: मुलीला सेकंड पीयूसी, म्हणजे बारावी सायन्सला ७२ टक्के पडलेत, नर्सिंगलाच जायचं म्हणते. एक कॉलेज नॉन-अटेंडिंग सीट देतंय, म्हणजे वर्गात न जाता हजेरी लागते. येत्या मे महिन्यात तिचं लग्न करायचंय, तेव्हा घरी राहून डिग्री झाली तर बरं. नाहीतरी औषध डॉक्टर लिहितो, नर्सनं नुसतं द्यायचं. पैसे भरू का?

भरू नका. आगाऊ दिले असतील तर परत मागा. नाही मिळाले तर पाणी सोडा, पण तिला तिथं घालू नका.

मार्कांत काही कमी नाही. मला खटकलं ते लग्न. लेकीला काय हवं ते तुम्ही एका ओळीत उरकलंत, बाकी सगळं पत्र मुहूर्त, हॉल आणि पाहुण्यांचं. वॉर्ड न बघता तिच्या हातात डिग्री आली आणि उद्या सासरच्यांनी ‘नोकरी कर’ म्हटलं, तर पहिल्याच नाइट ड्यूटीला अख्खा वॉर्ड तिच्या एकटीच्या अंगावर. त्या रात्री कॉलेजवाला फोन उचलणार नाही.

आणि ‘नुसतं द्यायचं’ म्हणजे काय, ते ऐका. हृदयाच्या पेशंटला डिगॉक्सिन लिहिलेलं असतं. गोळी देण्याआधी नर्स छातीला स्टेथोस्कोप लावून पूर्ण 1 मिनिट ठोके मोजते. मोठ्या माणसाचे 60 च्या खाली भरले तर गोळी हातात ठेवून आधी डॉक्टरांना कळवते. त्याच पेशंटला लघवी होण्यासाठी लॅसिक्स चालू असेल तर अंगातलं पोटॅशियम उतरतं, आणि काल सोसलेला तोच डोस आज विषासारखा बाधू शकतो. आजी म्हणते, मळमळतंय, जेवण जात नाही, सगळं पिवळं दिसतंय. नवख्याला वाटतं पित्त झालं. शिकलेली नर्स लगेच औषधांचा चार्ट उघडते. सकाळी राउंडला डॉक्टरांनी लिहिलेलं बरोबरच होतं, पण रात्री दोन वाजता खाटेजवळ तीच असते. इन्सुलिन टोचलं आणि ताट तसंच राहिलं, म्हणजे साखर उतरणार, हेही तिच्याच नजरेला पडायला हवं. पेशंटला दरदरून घाम सुटून तो बरळायला लागेपर्यंत थांबून चालत नाही. हे पुस्तकातून अर्धंच येतं. बाकीचं सिस्टरांच्या मागं वॉर्डात उभं राहून शिकायचं.

बीएस्सी नर्सिंगला केईएची, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची सीईटी आहे. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा. कॉलेज कुठलंही बघा, फीच्या आधी एवढं विचारा: मुली कुठल्या हॉस्पिटलात, किती खाटांवर शिकतात? राज्य नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का? लेकीला म्हणावं, कन्नड नीट बोलायला शीक. बेळगावच्या सिव्हिलमध्ये सौंदत्ती-रामदुर्गकडची म्हातारी कुठं दुखतंय ते कन्नडमध्येच सांगणार.

लग्न पुढं ढकलायचं का, हे आज रात्री तिलाच विचारा. मध्ये बोलू नका. ती काय म्हणाली ते तिच्याच हातानं लिहून पाठवा.