वाहत्या नदीत बोट नांगरावर पक्की कशी धरावी? नांगर किती किलोचा लागतो?

तुमची बोट 14 फुटी फायबरची आहे, मागे छोटं इंजिन आहे आणि पंचगंगेत धारेला गळ टाकून बसायचं आहे. 20 किलोचा दगड दोराला बांधला तरी बोट सरकते, आणि एकदा दोर मागच्या बाजूला बांधला तेव्हा पाणी आत आलं, असं तुम्ही लिहिलंय. किलोचं उत्तर पुढे देतो. आधी एक विनंती आहे, ती कृपया मनावर घ्या: धारेत मागच्या बाजूला दोर परत कधीही बांधू नका.

बोटीचं पुढचं टोक, म्हणजे नाळ, उंच आणि निमुळती असते. पाणी तिथे दोन्हीकडे फुटून जातं. मागची बाजू सपाट असते, इंजिन बसवण्यासाठी आणखी खाली घेतलेली असते आणि इंजिनाचं वजनही तिथेच असतं. दोर मागे बांधला की सगळी धार त्या सपाट फळीवर येऊन साचते, वर नांगराचा दोर तीच बाजू खाली ओढत असतो. एकदा काठावरून पाणी आत आलं की बोट आणखी जड होते, आणखी खाली बसते, पुढचं पाणी आणखी सहज आत येतं. हे सगळं काही सेकंदांत होतं. त्या दिवशी तुम्ही सुखरूप परत आलात याचा मला मनापासून आनंद आहे. दोर मधोमध, बगलेला बांधणंही तितकंच वाईट, कारण मग बोट धारेला आडवी होते आणि कलंडते. वाहत्या पाण्यात नांगर एकच जागा मागतो, ती म्हणजे नाळ. गळ मागच्या बाजूने टाकायचा असेल तर तुम्ही मागे जाऊन बसा, दोर पुढेच राहू द्या.

आता वजनाचं. 20 किलोचा आपला काळा दगड पाण्यात गेला की त्याचं वजन जवळपास एक तृतीयांशाने कमी होतं, म्हणजे हाताला 13 किलोच लागतं. सिमेंटचा ठोकळा तर 12 किलोच्या आसपास येतो. आणि तेवढंही वजन तळावर नुसतं टेकून असतं, कशात रुतलेलं नसतं. उलट धारेची ओढ पाण्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते: वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. म्हणून सकाळी संथ पाण्यात धरलेला दगड दुपारी वरून पाणी सुटलं की चालायला लागतो. दगड 20 चा 40 किलोचा केला तरी हे गणित सुटत नाही, फक्त तुमची कंबर जाते.

नांगर धरतो तो रुतून, आणि रुततो तो दोर आडवा असला तरच. शेतात फाळ जमिनीत शिरतो कारण बैल त्याला पुढे ओढतात. वर उचललं तर तो लगेच बाहेर येतो. पाण्याखालीही अगदी हेच चालतं. दोर जितका लांब, तितका तळाजवळ तो आडवा पडतो. हिशोब असा धरा: पाण्याची खोली अधिक पाण्यापासून नाळेपर्यंतची उंची, या बेरजेच्या सात पट दोर. पाणी 12 फूट, नाळ 2 फूट वर, म्हणजे 14 फूट. दोर सोडायचा 98, शंभरच धरा. तिप्पटच, म्हणजे 42 फूट सोडलात तर ताणलेला दोर तळाशी सुमारे 20 अंशांचा कोन करतो आणि नांगर उचलला जातो. शंभर फुटांवर तोच कोन 8 अंशांवर येतो. माझं ठाम मत आहे की बोट सरकल्याच्या बहुतेक तक्रारी नांगराच्या नसतात, आखूड दोराच्या असतात. नाळेची उंची हिशोबात धरायला लोक विसरतात; उथळ पाण्यात त्या दोन फुटांनीही मोठा फरक पडतो.

दोर आणि नांगर यांच्यामध्ये बोटीच्या लांबीइतकी साखळी घाला, 6 ते 8 मिलिमीटरची. साखळीच्या वजनाने ओढ तळाशी आडवी राहते आणि दगडधोंड्यावर दोर घासून तुटत नाही. दोर नायलॉनचा घ्या, 10 किंवा 12 मिलिमीटरचा. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे धारेचे हिसके तो स्वतः पोटात घेतो. बाजारात तो पिवळा-निळा हलका प्लास्टिकचा दोर स्वस्त मिळतो, पण तो पाण्यावर तरंगतो. सैल पडला की इंजिनाच्या पंख्यात जातो, शिवाय उन्हाने कडक होतो. नांगरासाठी तो नको.

नांगर कोणता, हे तळ ठरवतो. कोल्हापूरच्या खाली, शिरोळकडे, पात्रात बराच गाळ आहे. तिथे दोन रुंद चपटे फाळ असलेला, घडी होणारा नांगर उत्तम. तुमच्या बोटीला 4 ते 5 किलोचा पुरतो, आणि नीट रुतला तर तुमच्या दगडाच्या कितीतरी पट धरतो. वर भोगावती-कासारीकडे, धोंडे आणि गोटे असलेल्या जागी तो नुसता खडखडत जाईल. तिथे चार आकड्यांचा नांगर लागतो. तो विकत घ्यायलाच हवा असं नाही. उद्यमनगरात कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडून पाइपात 10-12 मिलिमीटरच्या सळया बसवून, टोकं वाकवून करून घ्या. अशा सळयांचा फायदा असा की कपारीत अडकला तर जोराने ओढल्यावर आकडा सरळ होतो आणि सुटतो. घरी आणून परत वाकवायचा. मात्र वेगाच्या धारेत त्यावर विसंबू नका, कारण त्या ओढीनेही तो सरळ होऊ शकतो.

टाकण्याची रीत. जिथे बसायचं आहे त्या जागेच्या बरंच वर, म्हणजे दोराच्या लांबीइतकं धारेच्या उलट दिशेला जा. नाळ धारेकडे ठेवा. बोट थांबून मागे सरकायला लागली की नांगर हातोहात खाली सोडा. भिरकावू नका, भिरकावला की साखळी फाळांत गुंतते. दोराच्या वेटोळ्यात पाय नको, दोर मनगटाला गुंडाळणं तर मुळीच नको. नांगर तळाला टेकला की बोट मागे वाहू द्या आणि दोर सोडत राहा. निम्मा दोर गेला की क्षणभर हलकासा अडवा, फाळ तोंड खाली करतील. मग उरलेला सोडून नाळेच्या खुंटीला बांधा. शेवटी इंजिन हळू मागे चालवून एकदा ताण द्या.

धरला की नाही हे पाण्याकडे बघून कळत नाही, काठाकडे बघा. एका ओळीत येणाऱ्या दोन खुणा निवडा, समजा जवळचं झाड आणि त्यामागचा विजेचा खांब. झाड खांबावरून सरकायला लागलं की तुम्ही सरकताय. दोरावर तळहात ठेवला तरी समजतं. रुतलेल्या नांगराचा दोर ताठ आणि शांत असतो, घसटणाऱ्याचा थरथरतो.

हे झालं धरण्याचं. नदीत सोडता येणं तितकंच महत्त्वाचं आहे, आणि याबद्दल मला जास्त काळजी वाटते. वरून ओंडका येतो, किंवा जलपर्णीचा मोठा थर येऊन दोरावर बसतो. आपल्याकडे जलपर्णी किती आहे हे तुम्ही बघताच. ती दोराला अडकली की पाण्याला अडवायला जणू एक नवी भिंत मिळते, ओढ वाढत जाते आणि नाळ खाली दबायला लागते. अशा वेळी नांगर उचलायला वेळ नसतो. म्हणून खुंटीवर निरगाठ मारू नका. सुरगाठ ठेवा, एका हिसक्यात सुटणारी. दोराच्या शेवटच्या टोकाला रिकामा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा कॅन बांधून ठेवा. गाठ सोडली, कॅन पाण्यात टाकला, बोट मोकळी. थर निघून गेल्यावर कॅन गाठून परत येता येतं. शिवाय नाळेजवळ हात पोचेल असा धारदार कोयता किंवा सुरी असू द्या. गाठीपेक्षा ताण मोठा झाला तर कापायचा. शंभर फूट दोराची किंमत अशा वेळी मनात आणू नका.

नांगर काढताना इंजिनाने हळूहळू पुढे जा, दोर आत घेत घेत नांगराच्या बरोबर वर या आणि उभा ओढा. रुतलेला नांगर उभ्या ओढीने सुटतो. अडकला तर दोर मागे बांधून इंजिनाचा जोर लावू नका, सुरुवातीला सांगितलेला धोका तिथे दुप्पट होतो. नाळेलाच आखूड बांधून थोडं वर, धारेच्या उलट दिशेने ओढून बघा. नाही निघाला तर कापा.

आता आपल्या नदीचं. बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात तेव्हा, म्हणजे पावसाळ्यानंतर, पंचगंगा लांबलचक डोहासारखी संथ असते. शिकायला तीच वेळ. तेव्हा पाचपट दोरही पुरतो. पावसाळ्यात मात्र राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे 40 हजार लिटर पाणी भोगावतीत येतं. ते पाणी पंचगंगेत आलं की वेगही वाढतो आणि खोलीही. 14 फुटांच्या हिशोबाचा तुमचा दोर खोली सहा फुटांनी वाढली की सातपटीवरून पाचपटीवर येतो, तोही नेमका ओढ वाढलेली असताना. राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. पण गळ टाकायला जाणाऱ्याने इशारा पातळीची वाट बघायचीच नसते. पाणी गढूळ झालं, फेस आणि काटक्या वाहायला लागल्या की त्या दिवशी बोट काठावरच बरी.

वाहत्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नांगर टाकू नका, दोर तुटला तर थेट बंधाऱ्यावर जाल. खालच्या अंगालाही नको. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी तळाशी जाऊन वर उलटं फिरतं आणि बोट परत पडत्या पाण्याकडे खेचतं. तिथे पट्टीचा पोहणाराही सुटत नाही. पुलाच्या खांबांच्या वरच्या अंगालाही तेच, सुटलेली बोट खांबावर आडवी चिकटते.

लाईफ जॅकेट अंगात असू द्या, बोटीत ठेवलेलं नको. आणि नवा नांगर-दोर घेतल्यावर पहिल्यांदा बरगे घातलेल्या डोहात, दिवसा, कोणाला तरी सोबत घेऊन टाका, सुरगाठ चार-पाचदा ताणाखाली सोडून बघा. दोर कुठे अडकतो, खुंटी हलते का, हे तिथेच कळेल. खुंटी नुसती फायबरला स्क्रूने बसवलेली असेल तर आधी खालून लोखंडी पट्टी देऊन बोल्टने पक्की करून घ्या. तुमच्या बोटीला ती कशी बसवली आहे, त्याचा फोटो टाकलात तर बघून सांगतो.