माशी लवकर वाढली, मग अंड्यांचं काय? : वाचकांच्या शंकांना उत्तरे

कॉलेजांत प्रकल्पांचे विषय ठरू लागले की ड्रोसोफिलाबद्दल, म्हणजे पिकल्या फळांवरच्या बारीक चिलटांबद्दल, त्याच त्या शंका येतात. यंदाच्या काहींना उत्तरं देतो.

प्रश्न : डाळिंबाच्या बागेतला मिथाइल युजेनॉलचा सापळा लावून प्रयोगासाठी माशा पकडता येतील का? (सांगोला)

नाही. त्याला बॅक्ट्रोसेरा या फळमाशीचे नर येतात. तुम्हाला हवीत ती केळ्याच्या गाडीवरची चिलटं. मात्र त्यांत अनेक जाती मिसळलेल्या असतात, म्हणून आधी प्राणिशास्त्र विभागातून ओळख पटवून घ्या. बागेतल्या माशीचा उपाय कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

प्रश्न : खाद्याला चार दिवसांत बुरशी येते. (बार्शी)

1 लिटर पाण्याला रवा 100 ग्रॅम, गूळ 100 ग्रॅम, अगार 10 ग्रॅम. शिजल्यावर खाली उतरवा, वाफ ओसरू द्या आणि मगच 7.5 मिली प्रोपिऑनिक आम्ल घाला. उकळत्यात घातलं तर ते उडून जातं. आम्ल हाताळताना हातमोजे हवेत, शेजारी शिक्षक हवेत.

प्रश्न : मे महिन्यात माशा दिसतात, अंडीही दिसतात, पण अळ्या निघत नाहीत. (सोलापूर)

30 अंशांच्या वर वाढलेले नर वंध्य होऊ लागतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्या खोलीत हा प्रयोग करूच नका. 25 अंशांचा इनक्युबेटर असलेल्या विभागाशी बोला.

प्रश्न : एकाच बाटलीतून आधी बाहेर पडलेल्या माद्यांनी उशिराच्यांपेक्षा जास्त अंडी घातली. म्हणजे वेग आणि प्रजनन यांत ट्रेड-ऑफ (एक वाढवताना दुसऱ्यात सोसावी लागणारी घट) नसतो, असं लिहू का? (पंढरपूर)

कृपा करून लिहू नका. हा निष्कर्ष दरवर्षी कुठल्यातरी अहवालात असतो आणि दरवर्षी चुकीचा असतो.

गर्दीच्या बाटलीत आधी फुटलेल्या अळीला ताजं खाद्य मिळतं. ती लवकर वाढते आणि धष्टपुष्टही होते. मागाहून आलेलीच्या वाट्याला मलमूत्राने, अमोनियाने भरलेला चिखल येतो. तिला वेळही लागतो आणि ती लहानही राहते. तुम्ही मोजलात तो खाद्यातला फरक. मिळालेलं अन्न शरीर कुठे खर्च करतं, हा आपला खरा प्रश्न त्याखाली झाकला जातो.

तो उघडा पाडायचा तर निवड करावी लागते. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात अमिताभ जोशी यांच्या गटाने पिढ्यान्‌पिढ्या सर्वांत आधी बाहेर पडणाऱ्या माशांचीच लवकर घातलेली अंडी पुढे नेली. वाढीचा काळ घटला, पण माशा लहान झाल्या, कोषातून बाहेर पडेपर्यंत जगणाऱ्यांचं प्रमाण घसरलं आणि अंडीही कमी झाली. कारण सरळ आहे. ठरावीक वजन गाठलं की अळी कोषात जाऊ शकते, पण त्यानंतरही काही काळ ती खात राहते आणि वजनाचा मोठा हिस्सा तेव्हाच चढतो. वेगाची निवड हाच काळ कापते. मग मेदाचा साठा कमी, अंडाशय लहान, अंडी थोडी. सडकं फळ लवकर वाळणार असेल, तर ही किंमत मोजूनही घाई परवडते.

तुम्ही निदान एवढं करा : प्रत्येक नळीत 6 मिली खाद्य आणि मोजून 60 ते 80 अंडी. तांदळाच्या कणीसारखं, अर्ध्या मिलिमीटरचं अंडं असतं. एका टोकाला दोन बारीक तंतू दिसतात, बायनॉक्युलर सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवरूनच मोजा. निवड केलेल्या आणि न केलेल्या दोन्ही समूहांची एक पिढी सारख्याच परिस्थितीत वाढवा, मगच तुलना. प्रत्येक समूहाच्या निदान चार स्वतंत्र प्रती ठेवा. आकडेमोड संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना आधी दाखवा, मागाहून नव्हे.

प्रश्न : एक विक्रेता ‘आठ दिवसांत वाढणारी जात’ तयार अहवालासकट देतोय. घ्यावी का? (सोलापूर)

घेऊ नका. 25 अंशांना सुमारे 10 दिवस लागतात, 18 अंशांना जवळपास दुप्पट. 28-29 अंशांना ठेवली की साधी माशीही लवकर बाहेर पडते. कोणत्या तापमानाला, किती पिढ्या निवड केली आणि तुलनेचा समूह कुठे आहे, हे लेखी मागा. मिळालं तरी मार्गदर्शकांना दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. तयार अहवाल तर विद्यार्थ्याची सरळ फसवणूक आहे.

प्रश्न : जानेवारीत सुरू केलं तर मार्चपर्यंत उत्क्रांती दाखवता येईल का? (अक्कलकोट)

नाही. तेवढ्यात चार-पाच पिढ्या होतील, लागतात कितीतरी जास्त. विषय जूनमध्ये ठरवायला हवा होता. आता 60 आणि 300 अंड्यांच्या नळ्यांतला वाढीचा काळ आणि माद्यांचं वजन मोजा, शीर्षकात ‘गर्दीचा परिणाम’ लिहा आणि पहिली नळी भरण्याआधी मार्गदर्शकांची सही घ्या.