वाचकांचे प्रश्न : आपल्या शेजारचे माजी सैनिक

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांविषयी होती. लष्कराचे दक्षिण मुख्यालय, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, वानवडीचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि खडकीचे बॉम्बे सॅपर्स यांच्यामुळे लष्कर पुण्याच्या रोजच्या जीवनात मिसळलेले आहे, आणि निवृत्तीनंतर याच शहरात स्थायिक झालेली कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे पूर्ण जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एक निवृत्त सुभेदार राहतात. २६ जानेवारीला त्यांचा सत्कार करण्याचे समितीने ठरवले आहे. शाल, श्रीफळ आणि मानपत्र यांपलीकडे काय करावे? त्यांच्या हुद्द्याचा उल्लेख कसा करावा?
– सोसायटीचे सचिव, धानोरी

सर्वांत आधी समितीतील दोघांनी त्यांच्या घरी जाऊन त्यांची इच्छा विचारावी. काही जणांना सत्कार मनापासून आवडतो. काहींना व्यासपीठावर बसण्यापेक्षा ध्वजारोहणाचा मान मिळाला तर अधिक समाधान वाटते. माझे मत विचाराल तर ध्वज त्यांच्या हस्ते फडकवावा आणि भाषणाचा आग्रह धरू नये.

हुद्दा निवृत्तीनंतरही नावाआधी लावला जातो आणि ‘निवृत्त’ हा शब्द नावानंतर कंसात येतो. सुभेदारांना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन ही पदवी मिळाली असेल, तर निमंत्रणपत्रिकेत तीच छापावी. हुद्दा, रेजिमेंट आणि पदकांची नावे त्यांच्याकडून लिहून घ्यावीत, कारण ती ऐकीव माहितीवरून छापली की हमखास चुकतात. सूत्रसंचालकाला आणखी एक गोष्ट आधी समजावून सांगावी. प्रत्येक सैनिक सीमेवर गोळीबारातच होता असे नसते. सिग्नल, पुरवठा, वाहतूक, वैद्यकीय अशा दलांत अनेकांची उभी सेवा जाते आणि ती सेवा कोणत्याही अर्थाने दुय्यम नसते. तेव्हा ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ असा प्रश्न मुलांनीही विचारू नये, आणि मोठ्यांनी तर मुळीच नाही.

सत्कारानंतरचे काम मला अधिक महत्त्वाचे वाटते. संरक्षण दलांचे निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून मिळते आणि त्यासाठी दरवर्षी जीवन प्रमाणपत्र सादर करावे लागते. ते वेळेत गेले नाही तर निवृत्तिवेतन थांबते. मुले परगावी किंवा परदेशी असलेल्या ज्येष्ठांना पासवर्ड, ओटीपी आणि आधारशी जोडलेला जुना मोबाइल क्रमांक यांचा फार त्रास होतो. चेहरा ओळखणाऱ्या ॲपवरून हे प्रमाणपत्र घरबसल्या देता येते, पण पहिल्या वेळी शेजारी कोणी तरी बसावे लागते. सोसायटीतील एखाद्या जाणत्या तरुणाने वर्षातून एकदा हे काम अंगावर घेतले तर त्या घराची मोठी काळजी मिटते. मात्र ते त्यांच्याच घरी, त्यांच्या डोळ्यांसमोर करावे आणि पासवर्ड त्यांच्यापाशीच राहू द्यावा. निवृत्तिवेतनाच्या नावाखाली फोनवरून फसवणूक करणारे लोक अशाच ज्येष्ठांना गाठतात, हेही त्यांना न कंटाळता सांगत राहावे.

प्रश्न : माझ्या मावशीचे यजमान १९७१च्या युद्धानंतर काही काळाने लष्करातून बाहेर पडले. त्यांना निवृत्तिवेतन नव्हते. ते आता हयात नाहीत. मावशी सत्तरीच्या पुढे असून त्यांना स्वतःचे काहीच उत्पन्न नाही. एका ठिकाणी चौकशी केली तेव्हा ‘पेन्शन नाही म्हणजे काहीच मिळणार नाही’ असे उत्तर मिळाले. हे खरे आहे का?
– एक वाचक भगिनी, धायरी

हे खरे नाही. अशा उत्तरावर विश्वास ठेवून अनेक कुटुंबांनी अर्जच केलेले नाहीत, म्हणून या प्रश्नाला सविस्तर उत्तर देत आहे.

पहिली तपासणी डिस्चार्ज बुकाची, म्हणजे सेवामुक्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवानोंदींच्या पुस्तिकेची करावी. त्या काळात जवानांची भरती काही वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि पुढची काही वर्षे रिझर्व्ह, म्हणजे घरी राहून गरज पडल्यास परत हजर होण्याची बांधिलकी, अशा करारावर होत असे. ही दोन्ही मिळून पंधरा वर्षे पूर्ण झाली असतील तर रिझर्व्हिस्ट निवृत्तिवेतनाचा आणि त्यामागून पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. घरच्यांनी ‘पेन्शन नव्हते’ असे म्हणणे आणि ते देय नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून भरतीची तारीख, रिझर्व्हमध्ये गेल्याची तारीख आणि बाहेर पडण्याचे कारण या तीन नोंदी नीट वाचून घ्याव्यात.

निवृत्तिवेतन खरोखरच देय नसेल, तर केंद्रीय सैनिक बोर्डाकडून चालवल्या जाणाऱ्या रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतील निर्वाह अनुदानासाठी अर्ज करावा. पासष्ट वर्षे पूर्ण झालेले, निवृत्तिवेतन नसलेले, हवालदार किंवा समकक्ष हुद्द्यापर्यंतचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांच्यासाठी हे अनुदान आहे. ते दरमहा ४,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ते दरमहा ८,००० रुपये करण्यात आले असून ते हयातभर मिळते. मावशींच्या वयाच्या आणि परिस्थितीच्या स्त्रीसाठी ही रक्कम किती मोलाची आहे हे वेगळे सांगायला नको. निवृत्तिवेतन नसलेल्यांच्या औषधोपचारासाठीही याच निधीतून अनुदान मिळते, म्हणून रुग्णालयाची बिले टाकून देऊ नयेत. ईसीएचएस ही २००३ साली सुरू झालेली आरोग्य योजना मुख्यतः निवृत्तिवेतनधारकांसाठी आहे. वानवडी, खडकी आणि लोहगाव येथील तिच्या पॉलिक्लिनिकचा लाभ मावशींना मिळेल की नाही, हे निवृत्तिवेतनाच्या निर्णयावर अवलंबून राहील.

अर्ज ऑनलाइन भरायचा असला तरी त्याची पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय करते, त्यामुळे सुरुवात तेथूनच करावी. माजी सैनिकाच्या विधवेचे ओळखपत्र काढलेले नसेल तर ते आधी काढावे, कारण पुढचा प्रत्येक कागद त्यावरच अवलंबून असतो.

बहुतेक प्रकरणे नावावर अडतात. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. जवानाने युनिटमध्ये पत्नीचे माहेरचे नाव नोंदवलेले असते, रेशनकार्डावर सासरचे नाव असते आणि आधारवर तिसरेच स्पेलिंग असते. लष्कराच्या नोंदीत आणि आधारवर एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि विवाहाचा काही तरी पुरावा लागतो. नोंदीतील दुरुस्ती रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमधून होते: मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावात, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे आणि बॉम्बे सॅपर्सचे खडकीतच आहे. डिस्चार्ज बुक हरवले असेल तरी हताश होऊ नये. सैनिक क्रमांक माहीत असेल तर रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून सेवेचा दाखला मागता येतो. हा क्रमांक जुनी पत्रे, पदकांची कड किंवा ट्रंकेवरचे रंगवलेले अक्षर अशा ठिकाणीही सापडतो. मावशींना एकटीने रांगेत उभे करू नका. प्रत्येक वेळी सोबत जा, अर्जाची पोच घ्या आणि तिची छायाप्रत घरी ठेवा. आपण हे काम हाती घेतलेत याचा मला फार आनंद झाला आहे.

प्रश्न : धाकटा भाऊ सतरा वर्षांच्या सेवेनंतर हवालदार म्हणून निवृत्त झाला. वय सदतीस. सुरक्षारक्षकाच्या नोकरीशिवाय दुसरे काही मिळत नाही असे सगळे सांगतात. त्याला एक मुलगी असून ती बारावीत आहे.
– वाचक, भोर

सुरक्षारक्षकाचे काम प्रामाणिक काम आहे आणि महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, त्या क्षेत्रात अनेकांना काम देते. पण भावाने तेवढ्यावर थांबू नये. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड पदांमध्ये माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि वयोमर्यादेत सेवेच्या कालावधीइतकी व आणखी तीन वर्षे अशी सवलत मिळते. सरकारी बँकांच्या लिपिक पदांत माजी सैनिकांसाठी १४.५ टक्के जागा असतात. यांपैकी अनेक जागा पात्र उमेदवार न मिळाल्याने रिकाम्या राहतात, आणि त्याचे कारण कर्तबगारीचा अभाव हे नसून मराठी व्याकरण, अंकगणित आणि टंकलेखन यांच्या परीक्षेची सवय सुटलेली असणे हे आहे. एक वर्ष अभ्यासाला द्यायची कुटुंबाची तयारी असेल तर ते वर्ष वाया जाणार नाही. दहावी उत्तीर्ण आणि पंधरा वर्षांची सेवा असलेल्या जवानांना केंद्र शासनाच्या काही गट क पदांसाठी पदवीशी समकक्ष मानले जाते. तो दाखला त्याने अवश्य सांभाळावा.

मुलीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना लक्षात ठेवा. बारावीत किमान ६० टक्के गुण मिळवून व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास माजी सैनिकांच्या मुलींना दरमहा ३,००० रुपये मिळू शकतात. प्रवेश पहिल्या वर्षाचा असतानाच अर्ज करावा लागतो, आणि ही अट माहीत नसल्याने दरवर्षी मुली मागे राहतात.

प्रश्न : माजी सैनिकांना महापालिकेच्या मालमत्ता करात सवलत असते का?
– वाचक, कात्रज

असते. राज्य शासनाने २०२० साली माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्यासाठी बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने ही करमाफी योजना जाहीर केली. ती एकाच घरासाठी आहे आणि त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. ते घेऊन महापालिकेच्या करसंकलन विभागात अर्ज करावा.

प्रश्न : आठवीच्या मुलांना पुण्यातील सैनिकी वारसा दाखवायचा आहे. एका दिवसात काय दाखवता येईल?
– शिक्षिका, सदाशिव पेठ

घोरपडीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकापासून सुरुवात करावी. हे स्मारक १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झाले आणि ते नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले, हे मुलांना आवर्जून सांगावे; शहराने आपल्या खिशातून पैसे काढून हुतात्म्यांचे ऋण मानल्याची ही खूण आहे. रणगाडा आणि विमान पाहून मुले हरखून जातील, पण त्यांना कोरलेल्या नावांपाशी पुरेसा वेळ द्यावा. समोरच राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे कार्यालय आहे. ते बाहेरून का होईना दाखवावे आणि आत हयात सैनिकांची व त्यांच्या कुटुंबांची कामे चालतात हे सांगावे.

तेथून खडकीच्या युद्ध दफनभूमीत जाता येईल. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोग ती सांभाळतो. वर्गात मात्र माणसांच्या गोष्टी सांगाव्यात. परमवीर चक्र मिळवणारे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १९५० साली पुण्यात जन्मले आणि एकविसाव्या वर्षी बसंतरच्या लढाईत धारातीर्थी पडले. लेफ्टनंट कर्नल तारापोर यांचे शालेय शिक्षण पुण्यात झाले होते, आणि १९६५च्या युद्धात त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. दोघेही पूना हॉर्स या रेजिमेंटचे. हयातीत परमवीर चक्र मिळवणारे मेजर राम राघोबा राणे यांचे १९९४ साली पुण्यातच निधन झाले. भवानी पेठेतील स्टेडियमला ज्यांचे नाव आहे ते जनरल अरुणकुमार वैद्य दोन वेळा महावीर चक्राचे मानकरी होते. मुले त्या मैदानावर खेळायला जातात, तेव्हा हे नाव कोणाचे ते त्यांना ठाऊक असले पाहिजे.

प्रश्न : ध्वजदिनाला चिकटवायचे छोटे झेंडे घेऊन आम्ही पैसे देतो. ते कोठे जातात? अपंगत्व आलेल्या जवानांसाठी थेट काही करता येईल का?
– निवृत्त बँक कर्मचारी, कर्वेनगर

सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळला जातो. जिल्ह्यातील निधीसंकलन जिल्हाधिकारी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांच्यामार्फत होते, आणि तो निधी वीरपत्नी, अपंगत्व आलेले जवान व गरजू माजी सैनिक यांच्या मदतीसाठी वापरला जातो. रक्कम वर्षभरात केव्हाही देता येते. पावती जरूर घ्यावी.

अपंगत्व आलेल्या जवानांच्या पुनर्वसनाचे पुण्यातील काम फार जुने आहे. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत सुरू झालेली संस्था पुढे खडकीत आली आणि आजही जवानांना नवे काम शिकवते. वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून जवानांना पुन्हा चालायला लावत आहे. मणक्याला दुखापत होऊन कमरेखालचे किंवा मानेखालचे शरीर निकामी झालेल्या जवानांसाठी खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तेथील जवान चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, आणि ज्यांचे हातही चालत नाहीत ते तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात.

१९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले मुरलीकांत पेटकर खेळाच्या याच मार्गाने पोहण्याकडे वळले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. पुण्यात राहणाऱ्या या माणसाला पद्मश्री मिळण्यासाठी २०१८ साल उजाडावे लागले, याची खंत पुणेकर म्हणून मला वाटते.

आपण बँकेत काम केले आहे, म्हणून पैशांखेरीज आणखी एक सुचवतो. बँकेचे अर्ज, वारसनोंद, नामनिर्देशन आणि मुदतठेवींची कागदपत्रे यांची आपल्याला असलेली माहिती वीरपत्नींना आणि एकाकी राहणाऱ्या माजी सैनिकांना अतिशय उपयोगी पडेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आठवड्यातील एक सकाळ मोफत मार्गदर्शनासाठी देण्याची तयारी लेखी कळवावी. खडकीच्या केंद्राला भेट द्यायची असल्यास आधी तेथील कार्यालयाकडून वेळ ठरवून घ्यावी, आणि तेथील जवानांची परवानगी घेतल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत.