मध्य आशियाची पहिली ग्रुप टूर? आधी बॅग हलकी करा

१८ दिवसांत उझबेकिस्तान, ताजिकिस्तान आणि किर्गिझस्तान असे ३ देश करणार असाल, तर छान ठरवलंत! पण मोठ्या बॅगेचा मोह टाळा. उझबेकिस्तानातल्या समरकंदहून ताजिकिस्तानातल्या पंजकेंटला जाताना सीमेवर बस सोडून सामान स्वतःच ओढत चालावं लागतं. माझ्या बॅगेचं चाक तिथेच निखळलं, पुढचे १० दिवस हमाली!

- बाकीचे देश करून शेवटी परत ताश्कंदलाच येणार असाल, तर उझबेकिस्तानचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा हवा. नवखे हमखास इथेच फसतात.
- जुलैत बुखाऱ्यात पारा ४० पार जातो, पण किर्गिझस्तानातलं सोन-कुल सरोवर ३,००० मीटरवर. रात्री तंबूत कुडकुडाल, स्वेटर घ्याच.
- शाकाहारी असाल तर ‘गोश्तसिझ’, म्हणजे मांसाशिवाय, हा उझबेक शब्द पाठ करा. प्लोवमधलं (तिकडचा पुलाव) मटण बाजूला काढून भागत नाही, भात त्याच रसात शिजतो.

सिमकार्ड, चलन वगैरे तिथे गाईड बघेल.