अंडकोषावर लाल-काळे दाणे, रक्त येतं… काय असेल?

प्रश्न: डॉक्टरसाहेब, मी ५८ वर्षांचा कास्तकार हाय, यवतमाळ जिल्ह्यातला, नाव छापू नका. दोन-तीन सालापासून माह्या अंडकोषाच्या कातडीवर बारीक लाल-काळे दाणे आले, दुखत नाई पण खाजवलं का रक्त निघते अन् चड्डीले डाग पडते. घरची म्हणते कुठून रोग आणला? बाजाराच्या दिवशी लॉजवर गुप्तरोगवाला बसते, तो म्हणे आठ हजाराचा कोर्स घ्या. मी तसलं काई केलं नाई साहेब. कॅन्सर तं नसन ना?

उत्तर: भाऊ, पहिले ते आठ हजार खिशातच ठेवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे बहुतेक अँजिओकेराटोमा आहेत, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात अन् त्यावर खरबरीत पापुद्रा चढतो, बस. फोर्डाइस नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८९६ मध्येच हे लिहून ठेवलंय आणि त्याचा पेशंटही ६० वर्षांचाच होता. शरीरसंबंधातून येत नाही, कोणाला लागत नाही, कॅन्सर होत नाही, एवढं वहिनींना वाचून दाखवाच. बायकांनाही अशा जागी होतात, फक्त त्या पत्र लिहीत नाहीत.

आता खाज कशाची ते बघावं लागेल, कारण दाणे स्वतः सहसा खाजत नाहीत, घामानं जांघेत गजकर्ण झालेलं असू शकतं. मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणून लावताय का? त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, कातडी पातळ होते अन् रक्त अजून येतं. ब्लेड, चुना, दोरा बांधणं, यातलं काहीच नको. रक्त आलं तर स्वच्छ कपड्यानं दहा मिनिटं दाबून धरा, मधे मधे उचलून बघू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःच बंद करू नका.

तरी एकदा सरकारी दवाखान्यात त्वचारोग विभागात दाखवाच, यवतमाळला मेडिकल कॉलेज आहे, नाहीतर सेवाग्राम. अंडकोषात शिरा फुगल्यात का, हर्निया आहे का हेही तपासतील, कारण तिथला दाब वाढला की असे दाणे येऊ शकतात. एखादाच दाणा झपाट्यानं वाढत असेल, काळा पडत असेल तर मात्र उशीर नको, तुकडा तपासावा लागतो. बाकी उपचार नाही केला तरी चालतं, फारच रक्त येत असेल तर करंटनं किंवा लेझरनं जाळतात.

पोरा-पुतण्यांपैकी कोणाला लहानपणापासून कमरेखाली असे पुष्कळ दाणे, हातापायांची आग आणि घाम कमी, असं असेल तर वेगळं पत्र लिहा, तो फॅब्री नावाचा आनुवंशिक आजार असू शकतो आणि त्यात किडनी तपासावी लागते. आणि पुरुष डॉक्टरच हवा असेल तर चिठ्ठी काढतानाच सांगा.