पगार सातला, खातं खाली वीसला : वाचकांचे प्रश्न, बँकवाल्या काकांची उत्तरं

प्रश्न : काका नमस्कार. मी २३ वर्षांचा आहे, मूळचा काटोलचा, सध्या नागपुरात मानेवाड्याला तीन मित्रांसोबत रूम करून राहतो. मिहानमध्ये एका कंपनीत लागलो, हातात २१ हजार येतात. सात तारखेला पगार होते आणि वीस-बावीसपर्यंत खात्यात चार-पाचशे उरतात, मग मित्राला मागा, नाही तर त्या पे-लेटरवर घ्या. मी काही उधळ्या नाही हो, दारू नाही सिगरेट नाही, पण पैसा जाते कुठं तेच समजून नाही राहिलं. तीन खाते आहेत, एक कॉलेजचं स्कॉलरशिपवालं, एक आधीच्या नोकरीचं आणि एक आत्ताचं. आधीच्या खात्यातून मिनिमम बॅलन्सचे पैसे कापून राहिले. मोबाईलचा १८०० चा ईएमआय पाच तारखेला असते, तो दोनदा बाउन्स झाला. आई म्हणते पगार माझ्याकडे पाठव, मी सांभाळते. काय करू?

उत्तर : बेटा, तुझ्या पत्रात उत्तर अर्धं तूच लिहून टाकलं, फक्त तुझं लक्ष नाही गेलं. पगार सातला आणि ईएमआय पाचला! म्हणजे महिन्यातल्या सगळ्यात कडकीच्या दिवशी तो हप्ता तुझ्या खात्यावर येऊन उभा राहते, मग बाउन्सचे पैसे बँक वेगळे कापते, कर्जवाला वेगळे लावते, वरून हप्ता चुकला याची नोंद तुझ्या सिबिलमध्ये, म्हणजे कर्ज वेळेवर फेडतो का याच्या रेकॉर्डमध्ये जाते ती जाते. त्याचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, आणि उद्या गाडीसाठी नाही तर घरासाठी बँकेत गेलास की पहिले तोच उघडतात. आधी कर्ज देणाऱ्या कंपनीला मेल कर, हप्त्याची तारीख दहा करून द्या म्हण. बऱ्याच कंपन्या देतात. नाही म्हटलं तर पगार झाल्याच्या दिवशीच पुढच्या हप्त्याचे १८०० बाजूला काढून ठेव, त्याला हात लावायचा नाही.

आता पैसा जाते कुठं. यूपीआय अ‍ॅपची हिस्ट्री पाहू नको, त्यात त्या अ‍ॅपमधून तू केलेलेच व्यवहार दिसतात, बँकेनं परस्पर कापलेलं त्यात नसते. तिन्ही खात्यांचं मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये काढ आणि रविवारी पेन घेऊन बस. कुठं ‘एसीएच डेबिट’ दिसलं की तो कोणता तरी हप्ता किंवा विमा आहे, ‘मॅन्डेट’ दिसलं की तू कधी तरी फ्री ट्रायल म्हणून दाबलेलं सबस्क्रिप्शन, जे आता दर महिन्याला पैसे ओढते. वर्षातून एकदा १७७ रुपये गेलेले दिसतील तर दचकू नको, ती बहुतेक डेबिट कार्डची १५० रुपये फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. बंद करायचे ते मॅन्डेट यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपेमध्ये जाऊन बंद कर. नुसतं अ‍ॅप मोबाईलमधून उडवलं म्हणून कटणं थांबत नाही, हे पोरांना सांगून सांगून मी थकलो.

तर्री पोहे बंद कर, चहा सोड, असलं मी काही सांगणार नाही. सकाळी तीस रुपयाचे पोहे खाऊन कोणी कंगाल झाला नाही. भानगड वेगळी आहे. सात तारखेला तुझा मोबाईल २१ हजार दाखवते आणि तू ते २१ च्या २१ आपले समजते. रूमचा वाटा, डब्बा, हप्ता, पेट्रोल काढलं तर त्यातले दहा-अकरा हजार आधीच दुसऱ्यांचे आहेत, फक्त अजून गेले नाहीत. म्हणून असं कर, पगाराचं खातं यूपीआयमधून काढून टाक, भाडं-डब्बा-हप्ता तिथूनच बँकेच्या अ‍ॅपवरून जाऊ दे, आणि दर सोमवारी दोन हजार दुसऱ्या खात्यात टाक, स्कॅन करायचं ते फक्त त्या खात्यावरून. गुरुवारी संपले तर गुरुवारीच समजते, वीस तारखेची वाट पाहावी लागत नाही. पहिले दोन-तीन आठवडे जीव वैतागेल, चालते. आणि ते पे-लेटर बंद कर बाप्पा, ते उधारच आहे, नाव गोड ठेवलं फक्त.

तीन खाते कशाला? आधीच्या नोकरीचं खातं पगार येणं बंद झाल्यावर काही महिन्यांत साधं बचत खातं होते आणि मग मिनिमम बॅलन्सची अट लागते, तुझं तेच झालं. एक नियम माहीत असू दे, फक्त मिनिमम बॅलन्सच्या दंडामुळं बचत खातं शून्याच्या खाली, मायनसमध्ये नेता येत नाही, रिझर्व्ह बँकेनं तसं सांगून ठेवलं आहे. तिथला काउंटरवाला ‘आधी मायनस भरा’ म्हणाला तर मॅनेजरला विचार. ते खातं बंद करून टाक, पण आधी त्यावरचे ऑटो डेबिट हलव आणि स्टेटमेंट काढून ठेव. स्कॉलरशिपवालं मात्र घाईत बंद करू नको. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात, शेवटचा हप्ता यायचा असला तर अडकून बसेल. तेच सोमवारच्या खर्चाला वापर, तिथंही बॅलन्सची कटकट असली तर झिरो बॅलन्सचं बेसिक खातं करून मागता येते, फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं नको.

आईचं म्हणशील तर घरी द्यायचे ते घरखर्चाचे म्हणून दे, सांभाळायला म्हणून नको. दर वीस तारखेला ‘आई दोन हजार टाक ना’ म्हणून फोन करशील, ती टाकेल, आणि तुला काहीच शिकायला मिळणार नाही. त्यापेक्षा स्वतःच्या नावानं हजार रुपयाची आरडी लाव, नॉमिनी म्हणून आईचं नाव टाक.

प्रश्न : काका, मी सेकंड इयरला आहे, हॉस्टेलला राहते. एक सिनियर म्हणतो की तुझ्या नावानं नवीन खातं उघड, एटीएम कार्ड आणि त्या नंबरचं सिम मला दे, महिन्याचे पाच हजार मिळतील, गेमिंग कंपनीचे पैसे फक्त फिरवायचे आहेत. दोघी मैत्रिणींनी दिलं पण. द्यावं का?

उत्तर : नाही. अजिबात नाही. याला म्यूल अकाउंट म्हणतात, कोणाला तरी ऑनलाइन फसवून काढलेला पैसा असल्या खात्यांमधून पुढं सरकवतात. तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर गेली की पोलीस पैशाच्या मागे येतात आणि खातं ज्याच्या नावावर त्याच्या दारात उभे राहतात, तो सिनियर त्या कागदावर कुठंच नसतो. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटणं सोपं नाही, कारण केवायसी तुझं, सही तुझी, सिम तुझं. ज्या दोघींनी दिलं त्यांना आजच सांग, कार्ड ब्लॉक करायचं, सिम बंद करायचं, शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची, आणि घरच्यांना सोबत घेऊन सायबर पोलिसांकडं स्वतःहून जायचं. घरी सांगायला लाज वाटते हे मला समजते. तरी सांगा, पोलिसांनी सांगण्याच्या आधी.

प्रश्न : बर्डीवर दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून २००० काढायला गेलो, पैसे आले नाहीत पण खात्यातून कटले. नऊ दिवस झाले. बँकेत गेलो तर ‘येतील, वाट पाहा’ म्हणतात.

उत्तर : किती वाट पाहायची याचा नियम आहे, २०१९ पासून. असा फसलेला व्यवहार पाच दिवसांत आपोआप उलटायला पाहिजे, त्यापुढं दर दिवसाचे १०० रुपये बँकेनं तुला द्यायचे, तेही न मागता. तुझे नऊ झाले, म्हणजे ४०० आधीच चढले. तक्रार तुझं खातं आहे त्या बँकेत कर, एटीएम कोणाचं का असेना, आणि तोंडी नको, अ‍ॅपवर किंवा मेलवर कर म्हणजे तक्रार नंबर मिळते. एटीएमची चिठ्ठी असली तर फोटो जोड. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार होते, फुकट, वकील लागत नाही, माहिती १४४४८ वर मिळते. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत चक्कर मारायची गरज नाही.

आणि जाता जाता, दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर नागपुरात महिन्याला पाच व्यवहार फुकट असतात, मुंबई-दिल्लीसारख्या सहा मेट्रो शहरांत तीनच, आपलं शहर त्या यादीत नाही. पण नुसता बॅलन्स पाहिला तरी एक व्यवहार मोजला जाते, आणि पाचच्या वर गेलं की १ मे २०२५ पासून एका वेळचे २३ रुपयांपर्यंत आणि वर टॅक्स. बॅलन्स मोबाईलवर पाहत जा.